रूळ गेले, वाट राहिली

सायकल ही आपल्या बेटावरील मराठी घरांना मुळीच नवी वस्तू नाही. साखर कारखान्यातील कामगार, पोस्टमन, पोलीस शिपाई, गावोगाव दूध घालणारा गवळी आणि संध्याकाळी बैठकेत मराठी शिकवायला जाणारे गुरुजी हे सारे एके काळी सायकलवरूनच जात. आज तीच सायकल पुष्कळ घरांच्या मागल्या पडवीत टायर बसलेल्या अवस्थेत उभी आहे. मध्यंतरी आम्ही वर्गात मुलांना दोन प्रश्न विचारले. "सायकल कोणाकोणाला येते?" बहुतेक सारे हात वर झाले. "शाळेला सायकलवरून कोण येतो?" एकही हात वर झाला नाही. आईबाप सोडत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उभा ऊस, आणि वळणावर समोरून भरधाव येणारी बस!

म्हणून ज्या रस्त्यावर मोटारीला मज्जाव आहे अशा रस्त्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे वाटले. रस्ता गुळगुळीत डांबरी आहे, डोंगर आहेत पण छाती भरून यावी अशी चढण नाही, सोबतीला नदी आहे आणि मागून भोंगा वाजवणारे कोणी नाही. युरोपात असे रस्ते शेकडो किलोमीटर आहेत. २०२३ सालच्या हिवाळी सुट्टीत त्यांतील एकावरून सायकलने जाण्याचा योग आम्हांला आला. आम्ही चौघे होतो: शाळेतील दोन शिक्षक, आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि त्यांचा पॅरिसला राहणारा मुलगा. भावोजींचे वय एकोणसत्तर. जन्म रोझ बेलचा, आयुष्य बस चालवण्यात गेलेले, आणि आपल्याकडे घरोघरी असतो तसा मधुमेह त्यांनाही आहे. त्यांना झेपेल की नाही ही एकच काळजी घेऊन आम्ही निघालो होतो.

नावाड्यांची वाट

हे रस्ते सायकलवाल्यांच्या हौसेसाठी कोणी मुद्दाम डोंगर फोडून बांधले असतील, असा वाचकांचा समज होईल. वास्तविक पाहता त्यांतील बरेचसे जुन्या धंद्यांनी मागे ठेवलेली मिळकत आहेत. नदीकाठचे रस्ते नावाड्यांनी ठेवले, डोंगरातले आगगाडीने.

नदीचे उदाहरण डॅन्यूबचे घेऊ. आगबोटी येण्यापूर्वी मिठाने आणि धान्याने भरलेल्या नावा प्रवाहाच्या उलट ओढून न्यायला काठावरून घोड्यांच्या रांगा चालत. त्यांच्यासाठी पाण्याच्या अगदी कडेने वाट केलेली असे. एकोणिसाव्या शतकात वाफेची बोट आली, घोडे गेले, वाट तेवढी उरली. आज जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत तीनशे किलोमीटरांहून लांब असा जो सायकलमार्ग जगप्रसिद्ध आहे, त्याचा मोठा भाग या घोड्यांच्या वाटेवरून जातो. श्लोगेन येथे नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलट्या दिशेला फिरते. तिथे सायकलींना पलीकडे नेण्यासाठी छोटी होडी असते. पुढे मेल्क ते क्रेम्सपर्यंतच्या वाखाऊ खोऱ्यात द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा लागतात. पासाऊ ते व्हिएन्ना नदी जेमतेम सव्वाशे-दीडशे मीटर उतरते, म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा नाही. नदीच्या कडेने जाणाऱ्याला चढणीची भीती नाही, ती का, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

डोंगराची गोष्ट निराळी. तिथे पाण्याचा आधार नाही. तिथे कामी येते ती आगगाडी.

चढणीचा हिशेब

शिक्षकाला फळा सुटत नाही, म्हणून थोडे गणित. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरू. शंभर मीटर पुढे जाताना दोन मीटर वर चढायचे असेल, तर उतार आपल्याला मागे ओढतो तो साधारण १.६ किलोच्या ओझ्याइतका. तोच चढ शंभराला आठ मीटर असेल, तर ओढ होते ६.४ किलोची. पहिले ओझे म्हणजे हातात साखरेची दीड किलोची पिशवी; ती घेऊन माणूस गप्पा मारीत दिवसभर चालेल. दुसरे ओझे घेऊन तो अर्ध्या तासात कठड्यावर बसेल. आपल्या डोंगरातल्या मोटाररस्त्यांवर दुसऱ्या प्रकारचे चढ पुष्कळ आहेत.

आगगाडीला असा चढ चालत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते आणि मागे डब्यांचे ओझे असते. म्हणून रेल्वेचा इंजिनियर दरीवर पूल बांधील, टेकडीला खिंड पाडील, मैलभर वळसा घालील, पण चढ वाढू देणार नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या कोकणातून आले, त्या कोकणाच्या माथ्यावरचा सह्याद्री रेल्वेने बोरघाटात १८६३ साली ओलांडला, तो ३७ फुटांना एक फूट या चढाने. तो चढ त्या काळी जगात अवघड समजला गेला. सायकलवाल्याच्या हिशेबात मात्र तो शंभराला तीन मीटरही भरत नाही.

तात्पर्य, भरलेल्या मालगाडीसाठी जी वाट सौम्य ठेवली, ती म्हाताऱ्या माणसालाही डोंगरापलीकडे नेऊ शकते. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष पाहिले ते फेनबानवर.

तीन देशांतून एक पट्टी

फेनबान हे एका जुन्या रेल्वेचे जर्मन नाव. फेन म्हणजे तिथली दलदलीची उंच पठारे, बान म्हणजे लोहमार्ग. जर्मनीतील आखेन शहर, ज्याला आपण फ्रेंचमध्ये एक्स-ला-शापेल म्हणतो, तिथून निघून बेल्जियममधून लक्झेंबर्गमधील त्रुआव्हिएर्ज गावापर्यंत ती जाते. लांबी १२५ किलोमीटर. प्रशियाच्या सरकारने १८८० नंतरच्या दशकात ती बांधली. आखेनच्या खाणींतला कोळसा लक्झेंबर्गकडील लोखंडाच्या भट्ट्यांना न्यायचा आणि येताना तिकडचे खनिज आणायचे, हा तिचा धंदा.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने ऑइपेन आणि मालमेडी हा मुलूख जर्मनीकडून बेल्जियमला गेला. त्या मुलखाला जोडणारा लोहमार्ग मधूनमधून जर्मन गावांच्या हद्दीतून जात होता. तेव्हा असा विचित्र निर्णय झाला की रुळांखालची पट्टीसुद्धा बेल्जियमची! परिणाम असा की पट्टीच्या पश्चिमेला अडकलेले जर्मनीचे काही तुकडे चहूबाजूंनी बेल्जियमने वेढले गेले. असे पाच तुकडे आजही आहेत. त्यांतील एक तर केवळ एका घराचा आणि त्याच्या आवाराचा आहे. त्या घरातल्या माणसाला आपल्याच देशातल्या शेजारच्या गावी जायचे तर आधी परदेश ओलांडावा लागतो. तो परदेश म्हणजे आमची सायकलची वाट!

रेल्वेचे महत्त्व हळूहळू कमी झाले. शेवटी काही वर्षे प्रवाशांच्या हौसेसाठी गाडी धावली, तीही २००१ साली थांबली. मग रूळ काढून तिन्ही देशांनी मिळून त्या जागी डांबरी सायकलमार्ग केला आणि २०१३ साली तो पूर्ण झाला. बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक प्रांताने १९९० नंतर जुने लोहमार्ग आणि कालव्यांचे काठ जोडून पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी जे मोठे जाळे विणले, त्यात फेनबानलाही जागा आहे.

आम्ही पाहिलेली वाट

आखेनला सायकली भाड्याने घेतल्या. भावोजींसाठी विजेच्या मदतीची सायकल घ्यावी असे आम्ही सुचवले, ते म्हणाले, "आधी साधीच पाहू. बसला पण पहिल्या गियरने चढ चढतोच की." शहर संपताच कॉर्नेलीम्युन्स्टर हे मठाभोवती वसलेले जुने गाव लागले आणि दगडी कमानींचे उंच पूल आले. खाली ओढा, झाडांचे शेंडे आपल्या पायांच्या पातळीवर, आणि रस्ता मात्र सरळ सपाट. रेल्वेने बांधलेला पूल सायकलवरून ओलांडताना दरी किती खोल होती हे पायांना कळतच नाही.

पुढे चढ सुरू होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. आखेनपासून चाळीसेक किलोमीटरांत वाट सुमारे साडेपाचशे मीटर उंचीला पोहोचते. सरासरी काढली तर किलोमीटरमागे दहा मीटरांच्या आत. अंगातला कोट निघतो, बोलणे थोडे कमी होते, एवढीच चढाची खूण. वाटेत शेतांमधून काँक्रीटच्या दातांसारख्या रांगा गेलेल्या दिसल्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीने रणगाडे अडवण्यासाठी उभारलेली ती तटबंदी. आता तिच्यावर शेवाळ आहे आणि आसपास गाई चरतात.

रोएटगेन सोडल्यावर हवा बदलली. धुके उतरले, बारीक पाऊस सुरू झाला आणि उन्हाळा असूनही बोटे गारठली. डाव्या-उजव्या हाताला वारा, पाणी आणि तांबूस गवत. हेच ते फेन. हजारो वर्षे कुजलेल्या शेवाळाचे थर साचून ही ओली जमीन झाली आहे. पावसाळी कपडे घालण्यासाठी आम्ही एका जुन्या स्टेशनपाशी थांबलो. भावोजींनी उंची विचारली. पाटीवर पाहून आम्ही सांगितली. ते धुक्याकडे पाहत म्हणाले, "साडेपाचशे? म्हणजे आपले क्यूरपीपच की! उंची तीच, पाऊसही तोच." आणि खरोखरच, समुद्रसपाटीपासून क्यूरपीपची उंची तेवढीच आहे.

माँशाऊ हे रूर नदीच्या अरुंद खोऱ्यातले लाकडी चौकटींच्या घरांचे गाव वाटेच्या खाली राहते. कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेली रूर नदी ही नव्हे, ही तिच्याच नावाची लहान बहीण. पुढे एका टप्प्यावर जुने रूळ मुद्दाम ठेवले आहेत. त्यावर पायांनी चालवायची चारचाकी गाडी भाड्याने मिळते. तिथली गंमत म्हणजे गावागणिक भाषा बदलते. आखेनला जर्मन, सुरब्रोट आणि वेमला फ्रेंच, सेंट व्हिटला पुन्हा जर्मन, शेवटी लक्झेंबर्गी. घरी क्रियोल, देवघरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि दुकानात फ्रेंच बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे घरच्यासारखेच वाटावे.

सेंट व्हिट हे रेल्वेचे मोठे जंक्शन होते. त्याच कारणाने डिसेंबर १९४४ मध्ये ते बॉम्बवर्षावात जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. जुन्या तटाचा एक बुरूज वाचला, तो आजही उभा आहे. त्यानंतरचा टप्पा आम्हांला सर्वांत आवडला. ऊर नदीचे हिरवे खोरे, दोन्ही बाजूंना बुटके डोंगर, मग बुर्ग-रॉयलंड येथे गावावर पहारा करणारा पडका किल्ला. शेवटी लक्झेंबर्गच्या सीमेजवळ लेंगेलेरचा बोगदा येतो. तो बंद आहे, कारण आत वटवाघळे राहतात आणि त्यांना त्रास देऊ नये असे ठरले आहे. तेव्हा सायकलवाल्यांनी टेकडीवरून जावे. सबंध प्रवासात धाप लागली ती तिथेच. रेल्वेने डोंगर का पोखरला होता, हे त्या टेकडीने पाच मिनिटांत शिकवले.

माथ्यावर भावोजी उतरून बसले. तेच मग बोलू लागले. मालगाडी बंद झाली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. साखरेची पोती भरलेली गाडी चढावर इतकी हळू चालायची की मुले तिच्या बरोबरीने पळत. त्यांचे वडील ती पोती वाघिणीत चढवीत. "ओझेवाल्यांसाठी बांधलेली वाट आहे ही," ते म्हणाले. "म्हणून तिला ओझ्याची दया आहे." आम्ही प्रशिक्षण महाविद्यालयात चढावाचा धडा शिकलो आणि पुढे मुलांना शिकवला, पण तो इतक्या थोड्या शब्दांत आम्हांला कधी सांगता आला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे

ज्या वाचकांची मुले किंवा भावंडे फ्रान्स, इंग्लंड, बेल्जियममध्ये आहेत, त्यांना ही सहल अशक्य नाही. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. फेनबान घाई केली तर दोन दिवसांत संपते. आम्ही चार दिवस घेतले, म्हणजे रोज तीसेक किलोमीटर. बरोबर पावसाळी कोट, एक गरम सदरा आणि हातमोजे असावेत, कारण पठारावर उन्हाळ्यातही गारठा असतो. त्रुआव्हिएर्जला आगगाडीचे स्टेशन आहे, त्यामुळे परतीची सोय होते. मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, खिशात साखर ठेवून आणि दर तासाला थांबून जावे. ही वाट पायी चालणाऱ्यांचीही आहे. मागून येताना घंटी वाजवावी, पुढे जाताना नमस्कार करावा. भाषा कोणतीही चालते.

आणि आपली वाट?

आता मूळ मुद्दा. मॉरिशसलाही रेल्वे होती, हे आपल्या मुलांपैकी कितीजणांना ठाऊक आहे? उत्तरेचा मार्ग १८६४ साली सुरू झाला. त्यानंतर पुढच्याच वर्षी पोर्ट लुईहून क्यूरपीपवरून माएबूरला जाणारा मधला मार्ग आला. पुढे मोका आणि फ्लाक, सावान, ब्लॅक रिव्हर या बाजूंना फाटे फुटले. पोर्ट लुईच्या बंदरापासून क्यूरपीपपर्यंत पंचवीसेक किलोमीटरांत साडेपाचशे मीटर चढायचे, म्हणजे फेनबानच्या दुपटीहून अधिक चढ. तरीही सरासरी शंभराला दोन-सव्वादोन मीटर. प्रवासी गाड्या १९५६ साली थांबल्या, मालगाड्या १९६४ साली. गाडी गेली तरी आपण बसच्या थांब्याला 'लागार'च म्हणतो. शब्द राहिला, गाडी विसरली.

त्या मार्गाचा उत्तम भाग आता मेट्रोला मिळाला आहे. २०१९ साली मेट्रोचे उद्घाटन झाले आणि २०२२ साली ती क्यूरपीपला पोहोचली, ती पुष्कळ ठिकाणी जुन्या लोहमार्गावरूनच. हे योग्यच झाले. आगगाडीची जागा आगगाडीला परत मिळाली. पण बाकीच्या फाट्यांचे काय? त्यांचे काही तुकडे मोटाररस्त्यात गेले, काहींवर घरे उभी राहिली, काही उसातून जाणाऱ्या पायवाटा झाले आहेत. जी वाट अजून मोकळी आहे ती सौम्य चढाची आहे, आणि तशी वाट नव्याने बांधायची तर फार खर्च येईल. ती बांधणारे मजूर आपल्याच पणजोबांच्या काळचे, तीवरून गेलेली साखर त्यांच्याच घामाची. एकदा तिच्यावर भिंत उभी राहिली की ती पट्टी तुटली, आणि तुटलेल्या पट्टीवरून कोणाचेही मूल शाळेला जाऊ शकत नाही.

संपूर्ण बेटाभोवती फेनबान व्हावी, असे स्वप्न आम्ही दाखवीत नाही. आमचे मागणे लहान आहे. ज्या गावात जुन्या मार्गाचा एखादा किलोमीटर शिल्लक आहे, तो घरापासून शाळेपर्यंत, मंदिरापर्यंत किंवा बाजारापर्यंत पोहोचत असेल, तर तेवढा तरी मोटारीवाचून राखता येईल का? डॅन्यूबकाठची घोड्यांची वाट काय किंवा फेनबान काय, जमीन तुटली नव्हती म्हणूनच रस्ता करता आला. जमीन राखणे हे पहिले काम. डांबर नंतर घालता येते.

याची सुरुवात घरातूनच होऊ शकेल. पुढच्या सुट्टीत आपल्या मुलामुलींना वही-पेन्सिल देऊन आजोबा-आजींकडे बसवावे. गाडी कुठून जायची, स्टेशन कुठे होते, पूल कोणत्या ओढ्यावर होता, पोती कुठे चढवीत, हे सारे विचारून लिहून घ्यावे. मग ती वाट पायी चालून पाहावी आणि गावाच्या नकाशावर रेघ ओढावी. मालगाडी बंद झाली तेव्हा जी मुले दहा वर्षांची होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. ती रेघ त्यांच्या आठवणीत आहे तोवर कागदावर उतरली पाहिजे. तो कागद घेऊन ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत गेलेल्या नागरिकाला निदान बोलायला आधार तरी मिळेल.

आमच्या शाळेच्या परिसरातील नकाशाचे काम या सत्रात वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवले आहे. आपापल्या गावी असे कोणी करीत असल्यास त्यांनी या पानाकडे अवश्य लिहावे.